दौलतची थोरली

"तो दौलत मले बिलकुल आवडत नाई, बाबा."

मोगऱ्यात वाकलेल्या भगवंतची बोटं थांबली. पोरीने देवाला शिवी दिली असती तरी तो इतका दचकला नसता.

"कोनता दौलत?" त्याने उगाचच विचारलं.

"एकच तं हाये."

खरंच एकच होता. शाळेला वर्षानुवर्षं लागलेल्या त्या कादंबरीतला थोरला भाऊ. स्वतःचं शिक्षण सोडून तो धाकट्याला शिकवतो, मळ्यात झिजतो. आणि शेवटच्या प्रकरणात धाकटा साहेब होऊन मित्रांना घेऊन गावी येतो, तेव्हा आपल्या फाटक्या धोतराची त्याला लाज वाटू नये म्हणून दौलत गोठ्यामागे लपून बसतो. पातूरच्या त्या शाळेत एक रीतच होती. ते प्रकरण मराठीच्या सरांनी निंबाखाली मोठ्याने वाचायचं आणि वर्गाने रडायचं. जो रडणार नाही तो वर्षभर 'दगड'. भगवंत आपल्या वेळी इतका हमसून रडला होता की पोरांनी त्याचंच नाव दौलत पाडलं. पुढे त्याने ते खरंही करून दाखवलं. आयटीआयची लागलेली जागा सोडली, बापाच्या तुकड्यात मोगरा लावला आणि धाकट्या शेखरला शिकवलं. शेखर आता अमरावतीला सरकारी कचेरीत होता. बसस्टँडवर कोणी "काय दौलत, गेला का माल?" म्हणून हाक मारली की भगवंतची छाती अजून फुगायची. कोणी मिशी मिरवतो, कोणी गाडी. भगवंत त्याग मिरवायचा.

त्याची वर्षाली मात्र शाळेत दगड ठरली होती.

"आज काय काढलं तं हे सकाळी सकाळी?" तो म्हणाला. "काका येऊन राहिला तुहा. तयारी कर."

काका दुपारच्या आत येणार होता, वर्षालीला न्यायला. शेखरच्या बायकोला, दीपमालेला, दिवस गेले होते, जीव नाजूक, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून बजावलेलं. तिला माहेर उरलं नव्हतं. शेखरने फोन केला, "दादा, वर्षभरासाठी वर्षालीला पाठव." आणि भगवंत म्हणाला होता, "विचारतं काहून? तुहीच पोरगी हाये." फोन ठेवल्यावर त्याने ते घरात सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

आणि अकोल्याच्या कॉलेजात वर्षालीचं अकरावी सायन्सला नाव लागलं होतं. कागद घेऊन हजर व्हायचा आज शेवटचा दिवस.

"कॉलेज काई पळून जात नाई," भगवंत म्हणाला. "पुढच्या साली जाशीन."

वर्षालीने हातातल्या कळ्या टोपल्यात टाकल्या आणि ती घरात निघून गेली. आदळआपट नाही, रडणं नाही. त्यानेच भगवंत जास्त घाबरला.

तो टोपलं घेऊन ओसरीवर आला तेव्हा त्याची बायको शकुन पोरीचे कपडे पिशवीत भरत होती. शकुन चिडली की भांडी बोलतात, असं घरात म्हणत. आज भांडीही गप्प होती. वर्षाली कादंबरी घेऊन आली आणि त्याच्यासमोर उघडून धरली.

"ही ओळ वाचा."

"मले पाठ हाये ते पुस्तक."

"शेवटचं प्रकरन पाठ हाये. हे मधलं हाये. वाचा."

भगवंतने चष्मा लावला. "'त्याच वर्षी दौलतने आपल्या थोरल्या मुलीला धाकट्याच्या बिऱ्हाडी कामाला धाडले. बैल म्हातारे झाले होते.'" तो थांबला. "मंग?"

"मंग काई नाई. पुढं चार पानं बैलाचीच हायेत. त्या पोरीचं नाव काय, बाबा?"

बैलांची नावं भगवंतला ठाऊक होती. धाकट्याच्या मित्रांचीसुद्धा. त्याने पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. एवढ्या वर्षांत, एवढ्या रडण्यात, ही मुलगी त्याच्या नजरेला कधी पडलीच नव्हती.

"नका शोधू. म्या सारं पुस्तक पाहून ठेवलं. नावच नाई तिले. साऱ्या शाळेनं दौलतसाठी डोळे पुसले. ती कधी वापस आली का, हे बी कोनं इचारलं नाई." तिचा आवाज आता कापत होता. "तुमचं शिक्षन तुमी सोडलं, बाबा. ते तुमचं होतं. माहं काहून सोडून राहिले?"

शकुनचे हात पिशवीवर थांबले. भगवंतला एकदम राग आला, सणकून. कार्टीला चार बुकं शिकवली तर बापालाच धडा देते! तो उठला, आणि तेवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

शेखर आत आला तो घामेजलेला, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. "वहिनी, चहा नको. लगेच निघतो. तिला एकटीला टाकून आलोय." त्याने पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा सैल झाला. "दादा, तू नसता तर मी काय केलं असतं रे. आमच्या ऑफिसात सांगत असतो मी, आमच्या घरी खरा दौलत आहे म्हणून."

एरवी हे ऐकून भगवंत वितळला असता. आज त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. वर्षाली दारात उभी होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.

"शेखर," तो म्हणाला, "वर्षाली नाई येत."

"म्हणजे?"

"तिचा कॉलेजचा आज शेवटचा दिवस हाये."

"अरे, पण तू शब्द दिला मले!" शेखरच्या तोंडून आपली बोली निघाली. "तिकडं जीव टांगनीले लागला माहा, आन तू कॉलेज सांगून राहिला?"

भगवंतच्या अगदी ओठांवर आलं होतं, 'शकुन येईल'. त्याने शकुनकडे पाहिलं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि ते शब्द त्याने गिळले.

"मी येतो," तो म्हणाला. "वरन-भात येते मले. भाकरी शिकीन."

"बाईच्या दुखण्यात तू काय करशीन? लोकं हसतीन."

"हसू दे."

"बाई ठेवायची असती तं मी ठेवली नसती का? घरचं मानूस पायजे होतं, दादा."

"मी घरचाच हावो, शेखर."

शेखरने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "राहू दे. करतो मी काई. तू असा नव्हता." पाण्याचा तांब्या तसाच ठेवून तो निघाला. गाडी वळवताना त्याने काच वर घेतली.

भगवंतला वाटलं, धावत जावं, गाडी थांबवावी, पोरीला बसवून द्यावं. पाय उचललासुद्धा होता. शकुनने पिशवीतले कपडे काढून खाटेवर ठेवले आणि वर्षालीचे कागद त्याच्या हातात दिले. "अकोल्याची बस निघून जाते नाई तं," एवढंच ती म्हणाली.

कळ्या तशाच राहिल्या. उमलल्यावर बाजारात त्यांना कोणी विचारत नाही.

अकोल्याच्या कॉलेजात रांग लांब होती. वर्षाली आत गेली आणि भगवंत फाटकाशी झाडाखाली उभा राहून शेखरला फोन लावू लागला. वाजायचा आणि कट व्हायचा. पुन्हा लावायचा, पुन्हा कट. ज्या भावासाठी आयुष्य काढलं, तो फोन घेत नव्हता. दीपमालेचं काय झालं असेल, तिने जेवणाचं काय केलं असेल, हे विचार त्याला उभं राहू देईनात.

वर्षाली बाहेर आली. प्रवेश झाला होता. सांगायची गरज नव्हती, चालण्यातच दिसत होतं. जवळ आल्यावर तिची चाल मंदावली.

"काका उचलत नाई?"

रेंज नाही, असं सांगून टाकता आलं असतं.

"नाई उचलत," भगवंत म्हणाला.

"पस्तावा होऊन राहिला ना तुमाले, बाबा?"

"होऊन राहिला," तो म्हणाला. "लय होऊन राहिला."

आणि तोंड न फिरवता, तिच्यासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांसमोर, तो उभ्या उभ्या रडू लागला. वर्षाली त्याच्याजवळ उभी राहिली. त्याचं रडणं संपेपर्यंत ती हलली नाही.