दुप्पट दोरीची ढोली

मित्रांनो, मी गोंदियाजवळच्या कामठ्याच्या एका शेतकऱ्याघरची, धान साठवायची जुनी ढोली आहे. बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या कंबरेएवढी. बांबूकाम करणाऱ्या धुरपताने मला घडवले. मालक बकारामचे वर्षाचे धान माझ्या पोटात बरोबर मावायचे. सालगडी चैतराम बारा वर्षे खळ्यावरून धान आणून मला भरत होता. भरल्यावर बकाराम कौतुकाने थाप मारी आणि मी फुगून जाई.

१९५५ साली तलावाचे पाणी वरच्या बांध्यांना, म्हणजे उंचावरच्या भातखाचरांनाही मिळाले आणि धान दुप्पट पिकले. बकारामने माझी उंची आणि रुंदी दोरीने मोजली, दोन्ही मापे दुप्पट केली आणि दोऱ्या धुरपताला दिल्या. नवी ढोली दारात आली आणि मी थक्कच झाले. केवढी ती! मला गोठ्याच्या कोपऱ्यात टाकले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

खरा धक्का पुढेच होता. बकाराम दोन दिवस गोंदियाला गेला होता, तेवढ्यात चैतरामने एकट्याने सगळे धान वाहून नव्या ढोलीत ओतले. बकाराम परतला, शिडीवर चढून आत डोकावला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तळाशी जेमतेम गुडघाभर धान!

"धान दुप्पट, ढोली दुप्पट. मंग अर्धी बी काऊन नाई भरली? बाकीचा धान कोठी नेलास बे?"

चैतरामच्या हातातली टोपली गळून पडली. "मालक, दाना बी नाई नेला."

शेजारी जमले. दोघे तर त्याच्या घराची झडती घ्यायला निघाले. मी ओरडणार तरी कशी? इतक्यात धुरपता धावत आली.

"थांबा! कमच्या दुप्पट आनल्या होत्या मी, पुरल्याच नाई. चौपट लागल्या, शेनमाती बी चौपट. तवाच मले खटकलं होतं. ते लहान ढोली आना, भरून पाहू."

मला ओढत आणले. धान काढून माझ्यात ओतले. मी काठोकाठ भरले, मला रिकामे केले, पुन्हा भरले. नवी ढोली तळापर्यंत रिकामी झाली. बरोबर दोन ढोल्या, म्हणजे दुप्पट धान!

"बूड चौपट, वरून उंची दुप्पट," धुरपता म्हणाली. "अशा आठ मावतीन तिच्यात."

आठ! मी पुन्हा एकदा त्या थोरलीकडे पाहिले.

"चुकलो गा, चैतराम," म्हणत बकाराम पुढे झाला. चैतरामने खुंटीवरचा दुपट्टा घेतला आणि निघून गेला. बकाराम तीनदा त्याच्या घरी गेला. चैतरामने खाट टाकली, पाणी दिले. कामाला मात्र तो आला नाही.

मित्रांनो, आम्हाला वेळच्या वेळी लिंपा, उंदरांपासून जपा. पण माणसाला चोर म्हणण्याआधी एकदा मोजून पाहा. बकारामने पुढे दुसरा सालगडी ठेवला नाही. खळ्यावरचे धान तो आता स्वतःच डोक्यावर वाहून आणतो.