कॅमेऱ्यातला निळा

माझा कुणावरच विश्वास नाही, असं घरात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे ते. मी फक्त वस्तू उजेडात नेऊन बघते. दोरा, अस्तर, लेस आणि बटणांचं माझं दुकान आहे. दुकानातल्या दिव्याखाली गळ्यात गळे घालणारे दोन रंग दाराबाहेर नेले की एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मी रोज बघते. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. माणसांचंही तेच.

त्यामुळे पोरीला कॅमेरा घ्यायचा झाल्यावर बरोबर मी जाणार, हे कुणी ठरवावं लागलं नाही.

पोरगी म्हणजे माझी धाकटी लेक. कपड्यांचे फोटो काढायचं तिच्या डोक्यात शाळेपासून होतं. इतके दिवस ती दुसऱ्या फोटोग्राफरच्या मागे दिवे धरून उभी राहायची आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींना गच्चीवर नेऊन मोबाईलवर हौस भागवायची. ते फोटो चौकातल्या शोरूमवाल्या बाईने पाहिले आणि नव्या हंगामाच्या कपड्यांचं काम तिला देऊ केलं. पण बाई पक्की. म्हणाली, "मोबाईल चालणार नाही. आणि रंग कापडासारखाच आला पाहिजे. मागच्याने निळ्या गाऊनचा भलताच रंग केला, अर्धी गिऱ्हाइकं परत करून गेली." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझ्या आईने हो म्हटलं की माझं हो." तिच्या शोरूमचं सगळं अस्तर आणि लेस माझ्याकडूनच जाते. माझ्या डोळ्यावर तिचा भरवसा. हे काम हुकलं असतं तर पोरगी पुन्हा दिवे धरायला गेली असती, आणि तिथून परत आली नसती. तिचा चेहरा बघूनच ते कळत होतं.

नवा कॅमेरा आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून जुना बघायचं ठरलं. इथे माझे दीर पुढे सरसावले. भावोजींना सगळ्यातलं सगळं कळतं. मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले की ते त्या विषयातले आचार्य.

"वहिनी, बॉडी जुनी चालते, लेन्स चांगली पाहिजे," ते म्हणाले. "शिवण, पोत, सगळं लेन्समुळे दिसतं. आणि शटर किती वेळा पडलंय ते विचारायचं. गाडी किती पळाली ते बघतो ना आपण, तसं."

"तुम्हाला बरी माहिती."

"ओळखीचे आहेत ना दुकानदार."

ओळखीचे म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकलीच. भावोजींना ह्यात काहीतरी सुटत असणार.

मी माझी तयारी केली. शोरूमच्या कपड्यांची कात्रणं माझ्याकडे मॅचिंगसाठी आलेली असतातच. त्यातली लाल, हिरवी, निळी, काळी अशी निवडून पिशवीत टाकली. बेत सोपा होता. कात्रणाचा फोटो काढायचा, कात्रण पडद्याशेजारी धरायचं आणि दोन्ही खिडकीपाशी नेऊन बघायचं.

पहिल्या दुकानदाराने कॅमेरा पुसून पुसून दाखवला. एवढं पुसतोय म्हणजे काहीतरी लपवतोय. पोरीने फोटो काढला. लाल ठीक होता, हिरवा ठीक. निळा मात्र मेलेला. कापडात जीव होता, पडद्यावर राख.

"निळा मेलाय," मी म्हटलं.

पोरीने बघितलं. "मला तर ठीक वाटतोय, आई."

"तुला घाई झालीय, म्हणून वाटतोय."

दुसरा दुकानदार गोड बोलणारा होता. त्याने चहा मागवला. अनोळखी बाईला चहा पाजतो म्हणजे माल खपत नसणार. तिथेही निळा मेलेलाच. पोरीने राखाडी कार्ड धरून कॅमेऱ्याला रंग शिकवला, खिडकी बदलली, पुन्हा फोटो काढला. काही फरक नाही. सगळे एका माळेचे मणी, अशी माझी खात्री झाली. स्वस्त कॅमेरे निळ्यात मार खातात आणि ह्या लोकांनी ते आपसात दाबून ठेवलंय.

"वहिनी, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात," भावोजी जिना उतरताना म्हणाले.

"आणि दलाली मिळणाऱ्याला सगळं गुलाबी," मी म्हटलं. पोरगी दोघांच्या पुढे चालत होती, मागे वळूनही न बघता.

तिसरं दुकान वरच्या मजल्यावर होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, कपाळावर चष्मा चढवलेला, आणि स्वभावाने माझ्याहून संशयी. कॅमेरा हातात देण्याआधी त्याने पोरीला त्याचा पट्टा गळ्यात घालायला लावला. मला माणूस जरा बरा वाटला. कॅमेरा दोन मॉडेल मागचा होता, बरोबर पन्नास एमएमची लेन्स. पोरीने तो डोळ्याला लावला आणि तिचे खांदे सैल पडले. हाच तिला हवा होता. किंमतही परवडणारी.

परवडणारी का, हा प्रश्न उरलाच. "एवढ्या स्वस्तात का देताय?"

"नवा आला की जुन्याला कुत्रं विचारत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला महाग हवा असेल तर तोही देतो."

मी कात्रणं काढली. फोटो झाला. निळा मेलेला.

"कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हटलं.

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. मी भाव पाडायला नाटक करतेय, असा त्याचा समज झाला होता. मी त्याच्या जागी असते तर माझाही झाला असता. तो उठला आणि कुलपातल्या कपाटातून दुकानातला सगळ्यात महाग कॅमेरा घेऊन आला. "ह्यात बघा निळा. ह्यात मेलेला दिसला तर हाच घेऊन जा, फुकट."

पोरीने फोटो काढला. मी बघितलं. तोही मेलेला.

"ह्यातही," मी म्हटलं.

भावोजी हसायला लागले. दुकानदार हसला नाही. त्याने माझी कात्रणं काउंटरवर मांडली आणि अगदी हळू विचारलं, "ताई, ह्यातलं निळं कुठलं?"

ही काय परीक्षा? मी बोट ठेवलं.

"आई," पोरगी म्हणाली, "तो काळा आहे. निळा हा शेजारचा."

हा सगळा कट आहे, असंच मला आधी वाटलं. मी दोन्ही कात्रणं उचलली आणि जिना उतरून रस्त्यावर आले. ऊन लख्ख होतं. मी ती कात्रणं उलटीसुलटी करून बघितली, हात लांब नेऊन, डोळ्यांजवळ आणून. निळं उजव्या हातात, काळं डाव्या हातात, असं मनाशी घोकत होते. तेवढ्यात एक जण धक्का मारून गेला आणि दोन्ही कात्रणं खाली पडली. उचलल्यावर कुठलं कुठलं ते मला सांगता येईना. आयुष्यात ज्या एका गोष्टीवर संशय घेतला नव्हता, नेमकी तीच, माझी नजर, दगा देणारी निघाली.

पोरगी खाली आली होती. तिने माझ्या हातातली दोन्ही कात्रणं घेतली. त्यातलं एक परत माझ्या हातात ठेवलं. "हे निळं."

"घे तुला आवडलेला तो कॅमेरा," मी म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, पण इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही. पहिला मार जांभळ्यानिळ्याला. पडद्यावरचा निळा आणि कापडातला निळा अशा डोळ्याला सारखे दिसतीलच असं नाही, असंही ते म्हणाले. ऑपरेशनने सुधारेल म्हणाले. मी घरी सगळ्यांना बजावलं की बाहेर अक्षर काढायचं नाही. मॅचिंगच्या दुकानदारणीला रंग दिसत नाही, हे कळल्यावर गिऱ्हाईक कशाला येईल?

पोरीने कपड्यांचे फोटो काढल्यावर शोरूमवाली बाई टॅब आणि निळा गाऊन घेऊन दुकानात आली. गाऊन काउंटरवर पसरला, शेजारी टॅब ठेवला.

"बघा आणि सांगा," ती मला म्हणाली.

मी बघितलं. मला दिसायचं तेच दिसलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीचं काम वाचलं असतं, माझं दुकानही. पण न बघता मी आजवर कशाला हो म्हटलेलं नाही, आणि पोरीच्या पहिल्या कामाला खोट्याचं अस्तर लावायला जीव धजेना.

"मला निळा दिसत नाही हो आता," मी म्हटलं. "मोतीबिंदू आहे. तिला विचारा."

बाईने माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे. तिला संशय आला हे उघड होतं. स्वतःच्या फोटोला कोण वाईट म्हणणार?

पोरगी गाऊन घेऊन दारात गेली. परत येऊन तिने टॅबवर गळ्याचा भाग मोठा केला. "कापडाचा रंग बरोबर आलाय. गळ्याची लेस वेगळी दिसतेय, पण ती फोटोची चूक नाही. लेसच जांभळट आहे. उजेडात बघा."

बाई दारात गेली. उभ्याउभ्याच तिने विचारलं, "ही लेस इथलीच ना?"

"हो, आमच्याच दुकानातली," पोरगी म्हणाली. "आईने काढून दिली होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटच्या पोरीने गिऱ्हाइकासमोर माझी चूक दाखवावी. आणि त्याच क्षणी मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, ते लपवायला मी स्टुलावरूनच वाकून काउंटरखाली उगाच रिळं शोधत बसले.

बाई आत आली. तिने टॅब माझ्यासमोरून उचलला आणि पोरीपुढे ठेवला.

"बाकीचे दाखव," ती म्हणाली. "आणि ह्या गळ्याला कुठली लेस लागेल, तेही तूच काढून दे."

मी स्टुलावरून उठले आणि ते पोरीकडे सरकवलं.