जिवंत टिकली

“हळू वं पोट्टे! ओढशील तं पाय पानावरच राहतीन त्याचे.”

बायजाबाईने नातीचा हात बाजूला सारला आणि आपलं नख अलगद किड्याखाली सरकवलं. बेशरमीच्या झुडपाच्या पानाला कासवासारखा चिकटलेला सोनकिडा आधी आणखी दबला, मग मुकाट्याने तिच्या बोटावर चढला. टिकलीएवढा जीव. कडेने काचेसारखी आरपार झालर, आणि पाठीवर वितळवून ओतल्यासारखं सोनं.

“राहते बेशरमीवर, पण शरम आहे त्याले. हात लावला का तोंड लपवते.”

आसगावच्या बोडीच्या पाळीवर, त्या छोट्या तळ्याच्या बांधावर, ही बेशरम माजली होती. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नसत. बायजाबाईचं घर पाळीला लागूनच. प्रतिक्षा तिच्या लेकाची मुलगी. आईची नोकरी लाखनीला, म्हणून पोर आजीच्याच हाताखाली वाढली. आता पवनीच्या कॉलेजात किड्यांचं शिकत होती आणि प्रदर्शनासाठी सोनकिडे न्यायला आली होती.

“हे पाह्य आजी, याचं पिल्लू.” प्रतिक्षाने पान उलटं केलं. काटेरी पिल्लू आपलीच कात आणि घाण शेपटीवर गोळा करून छत्रीसारखी पाठीवर धरून बसलं होतं. “मुंगीनं खाऊ नये म्हणून.”

“लहानपणी घाण वागवते आन मोठं झालं का सोन्याचं होते. तुह्या बापाचं काहून नाई झालं वं तसं? अजून चड्ड्या मीच उचलून राहिली त्याच्या.”

पोरगी खळखळून हसली. शाळेत जायच्या आधी आजी असाच एक सोनकिडा तिच्या कपाळावर ठेवायची. जिवंत टिकली. पोरीने हसायचं नाही, हलायचं नाही. किडा भुवईपर्यंत चालत आला की आजी त्याला उचलायची आणि ज्या पानावरून घेतला त्याच पानावर नेऊन सोडायची. एकदा प्रतिक्षाने गुपचूप एक आगपेटीत ठेवला. काही दिवसांनी पेटी उघडली तर आत मातीच्या रंगाचं काहीतरी वाळून पडलेलं. पोर दिवसभर जेवली नव्हती. “सोनं जीवासंगंच जाते,” आजीने तिला पोटाशी धरून सांगितलं होतं.

म्हणूनच बायजाबाईने डब्याचं झाकण लावायच्या आधी विचारलं, “पाहून झाले का इथंच आणून सोडशील ना?”

प्रतिक्षाने मान हलवली.

“मुंडी नको हलवू. तोंडानं सांग.”

“सोडीन वो आजी.”

बायजाबाईने मग स्वतःच्या हाताने पानापानावरून वेचून डबा भरून दिला. आत ताजी पानंही घातली.

पुढच्या आठवड्यात तिने फोन केला. “काय करून राहिले माहे किडे?”

प्रतिक्षा म्हणाली, “झोपवले आजी त्यायले.”

बायजाबाईला तो शब्द इतका आवडला की संध्याकाळी बुद्धविहाराच्या ओट्यावर तिने तो चारचौघींत वाटला. “माही नात किडे झोपवते. आन तुह्या सुनेले एक लेकरू झोपवता नाई येत, रुखमा.”

“किड्याले कशी वो झोप येते?” रुखमाने विचारलं.

“शिकलेल्या पोरीच्या हातानं येते. तुले काय मालूम!”

प्रदर्शनाच्या दिवशी ती ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून एसटीने पवनीला गेली. सोबत ओल्या फडक्यात बेशरमीची कोवळी पानं. किडे आज परत न्यायचे, तर वाटेत उपाशी कशाला ठेवायचे?

हॉलमध्ये गर्दी होती. प्रतिक्षाने हात धरून तिला टेबलापाशी नेलं. “आजी, खाली पाह्य, काय लिहिलं आहे ते.”

काचेच्या पेटीखाली चिठ्ठी होती. बायजाबाईची शाळा दुसरीतच सुटली होती; तिने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. स-ह-का-र्य. बा-य-जा-बा-ई. आपलं नाव छापलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती. ऊर भरून आला. मग तिने नजर वर उचलली.

पांढऱ्या थर्माकोलवर ओळीने टाचण्या. प्रत्येक टाचणीखाली एक मातकट टिकली.

“हे कोणाचे होत?”

“आपलेच.”

“तू तं म्हणे झोपवले.”

“आजी, असंच म्हणतात त्याले. औषधाच्या बाटलीत ठेवतात. त्रास नाई होत.”

“तुले मालूम होतं ना, सोनं जाते म्हणून?”

प्रतिक्षा ओढणीचं टोक पिळत राहिली. “होतं.”

“आन तोंडानं सांगितलं होतं.”

“तुले खरं सांगितलं असतं तं तू दिले असते का?”

“नाई.”

“मंग?”

शेजारच्या टेबलावरच्या पोरी वळून पाहू लागल्या. एरवी अशा वेळी बायजाबाईच्या जिभेने हॉल दणाणून सोडला असता. आज ती नुसती पेटीवर वाकली. ‘मंग’ म्हणणारं हे तोंड तिने घास भरवून मोठं केलं होतं.

“माह्यं नाव खोड,” ती म्हणाली.

“आजी, लोक पाहून राहिले…”

“खोड.”

प्रतिक्षाने पेन काढलं. नाव पुरतं काळं होईपर्यंत बायजाबाई उभी राहिली. मग ओलं फडकं तसंच बगलेत धरून एसटी स्टँडकडे चालू लागली.

पुढचा पाऊस लागला. बेशरम पुन्हा माजली, पानांना भोकं पडली. बायजाबाई पाळीवर होती तेव्हा फोन आला.

“आजी, माहा प्रकल्प नागपूरले निवडला. आणखी सोनकिडे लागतीन. रविवारी येऊ का?”

“ये ना. घर तुहंच आहे. वाटाण्याची उसळ करतो.”

“आन किडे?”

ऊन नुकतंच पडलं होतं. तिच्या समोरचं झुडूप सोनकिड्यांनी बुडापासून शेंड्यापर्यंत चमचम करत होतं. खोटं बोलणाऱ्याला उभ्या गावात सोलून काढणारी बाई त्या झुडपाकडे पाहतच म्हणाली,

“यंदा नाई वं.”

“एकबी नाई?”

“सगळे झोपले.”

बायजाबाईने फोन कमरेला खोचला. एक सोनकिडा तिच्या बोटावरून चालत नखापर्यंत आला होता. तिने हात त्याच्या पानाला टेकवला, आणि तो उतरेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.