भिंतीवरच्या तीन फ्रेमा

पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या अध्यक्षांची मी सेक्रेटरी. संचालकांच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहायचं आणि साहेबांनी न वाचता सही ठोकायची, हा बावीस वर्षांचा शिरस्ता.

संचालकाची एक खुर्ची रिकामी होती. खरं तर ती उत्पादनप्रमुख मॅडमच्या हक्काची. बुडीत गेलेला विभाग त्यांनी उभा केला होता. पण पहिल्या वर्षी साहेब म्हणाले, "मॅनेजमेंटची पदवी नाही हो त्यांच्याकडे." नोकरी आणि सासऱ्यांचं आजारपण सांभाळत मॅडमनी पदवी घेतली. ती हातात आल्यावर, "परदेशी कोर्स असता तर..." तोही केला. वर गुणवत्ता-तपासणीचा आणखी एक केला, उगाच कुणी तोंड उघडायला नको म्हणून. तिन्ही प्रमाणपत्रं फ्रेम करून केबिनमध्ये अशी टांगली, की आंधळ्यालाही दिसावीत.

यंदा समोर विक्रीप्रमुख होता. त्याला सगळे हिरो म्हणतात. शिक्षण बेताचं, टाय झकास.

"पोरात चमक आहे," साहेब बैठकीत म्हणाले. पंचेचाळिशीचं पोर!

"आणि मॅडम?" एका संचालकाने विचारलं.

"एवढी शिकलेली बाई डोईजड होते हो. भिंत पाहिलीत का तिची? दडपणच येतं."

सगळे खो खो हसले आणि खुर्ची हिरोला देऊन मोकळे झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एरवी असल्या बोलण्यावर मी 'सर्वांगीण विचारांती' अशी झूल चढवते. या वेळी बोलले तस्संच उतरवलं, हसण्यासकट. साहेबांनी सही ठोकली. लोकांच्या पदव्या पारखणाऱ्याला दीड पान वाचणं जमलं नाही!

इतिवृत्ताची एक प्रत साहेबांच्या आईकडे जाते. कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर तिच्या नावावर. शाळा चौथीत सुटली, पण भिंग घेऊन ओळन् ओळ वाचते. मंगळवारी म्हातारी स्वतः आली आणि कागद टेबलावर आपटला.

"चौथी शिकलेल्या आईची मतं चालतात तुला, आणि ही शिकली तर दडपण येतं होय रे?"

"आई, ते टायपिंगमध्ये चुकलंय काहीतरी."

"आणि सही? तीपण टायपिंगची का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलीला टोक काढत होते.

बैठक पुन्हा झाली आणि खुर्ची मॅडमना मिळाली. त्यांचं सामान हलवताना मी फ्रेमा उतरवायला गेले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्या संचालकांच्या केबिन पाहून आले. एकाच्याही भिंतीला खिळा नाही."