रिपोर्ट नॉर्मल

दुसऱ्या बाळंतपणानंतर बिल्कीसला दुखायला लागलं. कमरेत नव्हे, ओटीपोटात नव्हे. बाईनं बाईजवळही ज्या जागेचं नाव घ्यायचं नसतं, तिथं. मिरची लागल्यासारखी आग व्हायची. सलवारीची शिवण घासली तरी जीव कासावीस. पनवेलच्या डॉक्टरांनी मलमं दिली, मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेवटी सगळ्यांनी एकच सांगितलं, "तिथं काही नाही. मनाला लावून घेऊ नका."

नवरा दाऊद कुवेतहून सुट्टीवर आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. "मी नकोसा झालोय, एवढं सरळ सांग ना," म्हणायचा.

नवीन पनवेलच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डॉक्टर भावना याच दुखण्याची कारणं शोधतायत, असं कुणीतरी तिला सांगितलं. तपासताना डॉक्टरांनी कापसाची काडी नुसती टेकवली आणि बिल्कीस किंचाळली.

"दुखतंय. तुमचं खरंच दुखतंय," डॉक्टर म्हणाल्या.

बिल्कीस हुंदके देऊन रडली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांना अभ्यासासाठी आणखी बायका हव्या होत्या आणि बायका तोंड उघडत नव्हत्या. बिल्कीसला आठवली गुणाबाई, उरणहून मासळी घेऊन येणारी. बाजारात बाकीच्या कोळणी पाटावर बसायच्या, ही मात्र दिवसभर उभी. कोलंबी घेता घेता बिल्कीसनं हळूच विचारलं, "मावशी, बसवत नाही का?"

गुणाबाईचा हात थांबला. "तुला कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाही बसवत नाही."

मग दोघी मिळूनच दवाखान्यात जाऊ लागल्या. त्यांचं बघून आणखी काही जणी आल्या. रक्त दिलं, भूल घेऊन कातडीचे बारीक तुकडे दिले. जंतू सापडले नाहीत. एखादीच्या कातडीत नसा दाट दिसायच्या, दुसरीच्या दिसायच्याच नाहीत, आणि आग दोघींची सारखीच. नसांसाठी दिलेल्या गोळीनं गुणाबाईला भोवळ आली आणि उरणच्या धक्क्यावर पडून तिचा उजवा हात मोडला. एकेक बाई गळत गेली. कुणाच्या सासूला कळलं, कुणाचा धीर सुटला. शेवटी ट्रस्टच्या लोकांनी हात आखडता घेतला. "यानं कोणी मरत नाही, डॉक्टर," ते म्हणाले.

दाऊद सुट्टीवर आला होता. बिल्कीसनं हातापाया पडून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्याला म्हणाल्या, "यांचं दुखणं खरं आहे. कारण मात्र मला सापडलं नाही."

दाऊदनं तेवढं शेवटचंच ऐकलं. "म्हणजे रिपोर्ट नॉर्मल," म्हणून तो उठला. पुढच्या ईदला तो आला नाही. त्यानं तिकडे दुसरा निकाह केल्याचं धाकटा दीर नोमान सांगून गेला. सांगताना त्याची मान वर झाली नाही.

अभ्यास बंद पडला. डॉक्टर भावना कायमच्या पुण्याला निघाल्या, तेव्हा बिल्कीस भेटायला गेली. "माझी चूक कुठे झाली, तेवढं तरी सांगा," ती म्हणाली.

"तुमची नाहीच झाली," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तिचा हात हातात धरला.

तिथून ती बाजारात गेली. गुणाबाई डाव्या हातानं बोंबील निवडत होती.

"डाक्तरीन काय बोलली?"

"गेल्या त्या. कारण नाही सापडलं."

"मंग आता आपुन जायाचं कुठं?"

मागं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तशी बिल्कीस बाजूला सरकली.