डोळाभर विद्यापीठ

रंजीताच्या तांड्यात कोणी उगाच काही पाहायला जात नाही. बैल पाहायला गेले की बैल दारात येतो, पोरगी पाहायला गेले की मांडवाची तयारी सुरू होते. नुसतं बघून रिकाम्या हातानं परत येणं हा शहरातल्या रिकामटेकड्यांचा उद्योग. म्हणून धरमसिंग जेवता जेवता म्हणाला, "रंजी, तुह्यं ते विद्यापीठ पाह्यून येऊ या शनिवारी," तेव्हा रंजीताचा घास हातातच राहिला. बाप स्वतः पाहायला निघाला म्हणजे काम झालंच, असा तिनं अर्थ लावला. यात तिची काय चूक? लहानपणापासून तिनं तेच पाहिलं होतं.

रिसोडच्या कॉलेजातून बी. ए. झालेली ती तांड्यातली पहिली मुलगी. एसटीत उभ्यानं जाऊन शिकली आणि वर्गात पहिली आली. आता तिला इतिहासात एम. ए. करायचं होतं, तेही मोठ्या शहरातल्या त्या जुन्या दगडी विद्यापीठात. त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो तिच्या मोबाइलवर कायम असायचा. उन्हाळाभर तिनं घरात हाच धोशा लावला होता. प्रवेशाची मुदत सोमवारी संपत होती. धरमसिंग हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. असा बाप सगळ्यात वाईट, पण हे पोरींना फार उशिरा कळतं.

निघायच्या दिवशी याडीनं, म्हणजे आईनं, रुपाबाईनं, लेकीच्या डोक्यावर तेल थापलं, नवा गुलाबी ड्रेस काढून दिला, कानात स्वतःचे झुमके घातले.

"इतकं काहून नटवून राह्यली याडी? ॲडमिशन घ्यायले चालली मी, लग्नाले नाई."

रुपाबाई हसली नाही. वेणी मात्र तिनं जरा जास्तच घट्ट ओढली.

वाशीमहून गाडी धरून बापलेक दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात उतरले. विद्यापीठाच्या फाटकाशी पाहुण्यांची रांग लागली होती. शनिवारी तिथं बाहेरच्या लोकांना फिरवून जुन्या इमारती दाखवतात. धरमसिंग सरळ त्या रांगेत जाऊन उभा राहिला. आधी सगळं पाहून मग ऑफिसात जायचं असेल, असं रंजीतानं मनाशी ठरवलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला दुसऱ्या कोणाची गरज लागत नाही.

माहिती सांगणाऱ्या बाई पुढं आणि हौशे-गवशे मागं, अशी ती वरात निघाली. काळा दगड, रंगीत काचा, गोल जिना. रंजीताला यातलं निम्मं आधीच ठाऊक होतं, तरी ती कानात प्राण आणून ऐकत होती. ग्रंथालयाच्या काचेतून आत वाचत बसलेल्या मुली दिसल्या. त्यातली एक पुस्तकावर डोकं टेकून मोठ्ठी जांभई देत होती. रंजीताला त्या जांभईचाही हेवा वाटला. सोमवारनंतर आपणही इथंच बसून अशीच जांभई देऊ, या विचारानं ती एकटीच हसली.

"मॅडम, प्रवेशाचं ऑफिस कुठं आहे?" तिनं धीर करून विचारलं.

"ते आज बंद असतं. शनिवार ना. पण तुम्ही तर फिरायला आलात?"

रंजीता बापाकडं वळली. "बापू, ऑफिस बंद हाय. सोमवारपावतर थांबा लागते."

"कायले थांबा लागते?" धरमसिंगची नजर मनोऱ्याच्या पायथ्याशी होती. "आपन पाह्यलेच आलो ना."

पायथ्याशी दोघं जण उभे होते. एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा, हेमसिंग. दुसरा त्याचा पोरगा, करण. त्याच्या बुटांवर सिमेंट वाळलेलं होतं. दोघंही पलीकडच्या तांड्यातले, दिवाळीनंतर कामाला बाहेर पडायचे, ते दोन वर्षं झाली इथंच टिकले होते. रामराम झाला. हेमसिंगनं रंजीताला डोक्यापासून टाचेपर्यंत निवांत न्याहाळलं.

"डोक्शावर ओझं घ्यायची सवय हाय ना पोरीले?"

"हाय ना! पान्याचे दोन-दोन हंडे आनते," धरमसिंग म्हणाला. "शिकली हाय, पन कामाले बी वाघीन हाय."

करणनं एकदा वर पाहिलं आणि मान हलवली. झालं, पसंती झाली. रंजीता विद्यापीठ पाहायला आली होती, आणि इथं तिलाच पाहून झालं. झुमके कशासाठी होते ते तिला आता कळलं. तिनं मनोऱ्याचा दगड धरला.

"जरा बाजूला होता का? फोटोत येताय," एका पाहुण्यानं हटकलं. चौघंही गुमान बाजूला झाले.

ग्रंथालयाच्या मागं मुलींच्या नव्या वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. तिथं पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. हेमसिंगनं शेवटची खोली दाखवली. "हे आपली. करन विटा लावते, हे पोरगी विटा देईन. जोडी असली का ठेकेदार काम देते."

"पाह्य!" धरमसिंगचा चेहरा फुलला. "आंधळा मांगते एक डोळा अन् देव देते दोन! तुले विद्यापीठ पाह्यजे होतं ना माय? आता इथंच राह्यतं तू. हौस फिटली तुह्यी. डोळाभर पाह्य, रोज पाह्य."

त्यात टोमणा नव्हता. तो मनापासून खूश होता, आणि तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

"बापू, मले इथं शिकायचं होतं."

"शिकून बी घरच बांधा लागते ना शेवटी," हेमसिंग म्हणाला, आणि दोघे व्याही पोट धरून हसले.

सोमवार आला तसा गेला. लग्न तांड्यातच झालं. बाया येताजाता चिडवत, "रंजी विद्यापीठात चालली वं!" आणि खिदळत.

पाठवणीच्या वेळी नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणायचा असतो. सूर लावून रडायचं, रडता रडता बापाच्या घराचे गोडवे गायचे. पोरींना तो आधीपासून शिकवतात. लेकीचा ढावलो जितका मोठा, तितकं बापाचं नाव मोठं. रंजीता याडीच्या गळ्यात पडली, पण तोंडातून सूर नाही. मावशीच्या गळ्यात पडली, तरी नाही. बाया कुजबुजायला लागल्या. बापाजवळ आल्यावर फुटेल, असं एकीनं समजावलं.

धरमसिंगनं हात पसरले. त्याचे डोळे आधीच भरले होते. "रड ना वं माय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "लोक पाह्यून राह्यले. एकदा तरी रड."

रंजीता मागं सरकली आणि त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

"रडत नाई मी, बापू. तुमी फक्त डोळाभर पाह्यून घ्या मले. हौस फिटली पाह्यजे तुमची. पुन्हा दिसनार नाई मी."

ती आपली आपण जीपमध्ये जाऊन बसली. जीप वळणापलीकडं गेली तेव्हा धरमसिंगनं हंबरडा फोडला आणि तिथंच बसून सूर काढून रडायला लागला. बायांनी ओढणीत तोंडं लपवून हसू दाबलं, कारण बाप्यानं ढावलो म्हणायची रीत नाही.