धुराचं घर

बहात्तर सालचा श्रावण कोरडाच चालला होता. मंद्रूपच्या वाटेवरल्या त्या गावात विहिरीचं पाणी इतकं खोल गेलं होतं, की बायका दोराला धरून आत उतरत आणि वाटीवाटीनं घागर भरत. अशीच उतरलेली निंगव्वा वर आली नाही. दरड तिच्या अंगावर कोसळली. वर काढली तेव्हा हातात वाटी तशीच होती, मातीनं भरलेली.

तिच्या मातीवरची फुलं सुकायच्या आत तिची जाऊ जगदेवी उठली. लोखंडी तवा डोक्यावर पालथा घेतला, त्यावर शेणाची बाहुली, म्हणजे गुर्जी, बसवली, गुर्जीच्या डोक्यात दुर्वा खोवल्या. मागं बायका, हातात लिंबाचे डहाळे. पाऊस मागायला गुर्जी दारोदार जाते. ज्या घराच्या चुलीचा धूर दिसेल त्या घरानं तिच्यावर पाणी घालायचं, तांब्याभर का होईना. एक दार चुकलं तर आलेला ढगही माघारी जातो, असं गाव मानायचं.

गुर्जी आली दारी, कोरडी तिची कूस
ज्याच्या घरी धूर, त्यानं घालावा पाऊस

गाव संपलं. एक घर राहिलं. माळावरचं पावरहाऊस.

ते झालं तेव्हा गावचं तळं त्याच्या तारेच्या कुंपणात गेलं. दिवसरात्र कोळसा जळे, सोलापूरचे माग चालत, आणि गावात कंदील मिणमिणत. राख मात्र गावाला भरपूर मिळायची. ज्वारीच्या पानावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, तान्ह्याच्या पापणीवर.

गेटवर मौलाली वॉचमन बसला होता. "क्या जगदेव्वा," तो हसला, "वरात घिऊन आली, आता कंपनीचं लगीन लावती काय?"

"लगीन न्हाय, पानी. जा, तुज्या सायबाला सांग, घागर घिऊन ये म्हनावं."

"हे काय घर हाय व्हय?"

"चूल पेटती की न्हाय? गावातल्या समद्या चुलींचा मिळून एवढा धूर न्हाय. मग लई मोठं घर झालं की!"

बायका खो खो हसल्या. मौलालीही हसत आत गेला.

साहेब आला. मागोमाग शरणप्पा, जगदेवीचा थोरला भाऊ. भट्टीत कोळसा मारणारा, गळ्यापर्यंत काळा.

"साहेब, एक घागर घाला," शरणप्पा हळूच म्हणाला. "जातील त्या."

"एक घागर!" साहेबानं चष्मा पुसला. त्याच्यावरही राख होती. "आज घागर घातली म्हणजे धूर आमचा, आणि न पडलेला पाऊसही आमच्याच गळ्यात. उद्या हे तळं मागतील. धुराचा आणि पावसाचा संबंध काय? धूर हवेत विरून जातो."

"कुटं जातो?" जगदेवीनं तारेपलीकडून विचारलं.

 साहेब मागं उभ्या फोरमनच्या कानाशी लागला.

तोवर गावातले गडी कुऱ्हाडी, काठ्या घेऊन पोचले होते. निंगव्वाचा नवरा चन्नप्पा सगळ्यांत पुढं. त्यानं भिरकावलेला धोंडा मौलालीच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. "अरे, मी काय केलं रे!" म्हणत तो खाली बसला. गेट हलायला लागलं. कड्या कडाकडा वाजल्या. आतून लाठ्या तारेतून बाहेर घुसल्या, कुणाचे दात गेले, कुणाची बोटं चेंगरली.

फोरमननं तेवढ्यात जाड नळी ओढत आणली. बॉयलरमधलं तापलेलं पाणी बाहेर सोडायची नळी.

गडी मागं सरले. बायका पांगल्या. जगदेवी मात्र पुढं आली. तिला वाटलं, घर कबूल झालं. घागर नाही, नळी तर नळी! तिनं डोळे मिटले, मान वाकवली, तवा दोन्ही हातांनी सावरला. गुर्जीला पाणी नीट मिळावं म्हणून थोडी गुडघ्यातही वाकली.

"तंगी!" शरणप्पा कानडीत ओरडला. "सरक, तंगी!"

धाकटी बहीण सरकली नाही. तो गेटावरून उडी टाकून तिच्यावर पडला. पाणी त्याच्या पाठीवर आलं. वाफेत दोघं दिसेनाशी झाली. आधी किंकाळी आली, आणि मग शिजल्या कातड्याचा वास.

वाफ फाटली तेव्हा गुर्जी वितळून जगदेवीच्या गालावर ओघळत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल. त्याच हातांनी तिनं तवा उचलला. गेटातून बाहेर आलेल्या फोरमनच्या मनगटावर तो असा हाणला, की हाड मोडल्याचा आवाज बायकांनी ऐकला. दुसरा घाव गालफडावर. तिसरा, तोवर येऊन पोचलेल्या पोलिसांनी धरला.

त्या सालचा पावसाळा तसाच गेला. शरणप्पाची नोकरी गेली. सिव्हिल हॉस्पिटलातून तो पालथा, बाजेवर घरी आला. जगदेवी कोठडीतून सुटून आली ती त्याच्याच उशाशी. ती पाठीला लिंबाचं तेल लावत असताना त्यानं दात खाऊन विचारलं,

"गावानं गुर्जी पुरी केली का गं?"

"न्हाय. एक घर ऱ्हायलंय."

"आन तू परत जानार?"

"जानार, अण्णा. धूर हाय तवर जानार."

 तो उशीत तोंड खुपसूनच म्हणाला, "या बारीला आदी हात लावून बघ, पानी गार हाय का."

तिला हसू आलं नाही. भाजल्या बोटांची कातडी अजून ओलीच होती. ती तशीच उठली, गोठ्यात गेली, आणि शेण मळायला बसली.